आत्यांच्या फोनवरचं निळं बटण

आमचं घर बेळगावात, वडगावला. मामा, म्हणजे माझे सासरे, 40 वर्षं मागावर बसले. माग विकून बरीच वर्षं झाली, पण घरात त्या खोलीला अजून मागाची खोलीच म्हणतात. कॉम्प्युटर तिथेच आहे. मी एका क्रेडिट सोसायटीत हिशेबाचं काम बघते, दिवसभर लोकांच्या पैशांच्या एंट्र्या करते. आणि गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैत, आमच्याच घरातले ₹38,500 गेले.

पाऊस लागलेला होता. दुपारपासून करंट येत-जात होता. मामांच्या फोनवर इंग्रजीत मेसेज आला. त्यातलं ‘बिल’, ‘9.30’ आणि ‘कट’ एवढंच त्यांना लागलं. बिल भरलेलं होतं, पावती डब्यात होती. मेसेजमधल्या नंबरला फोन करायचा नाही हे नातवानं त्यांना बजावून ठेवलं होतं, ते त्यांनी पाळलं. त्यांनी फोनवर बोलून शोधलं, ‘केईबी बेळगाव कस्टमर केअर’. कंपनीचं नाव हेस्कॉम होऊन जमाना झाला, पण आमच्याकडे वीज म्हणजे केईबीच. वरचाच जो निकाल आला तो उघडून त्या पानावरच्या नंबरवर त्यांनी फोन लावला. वरचा म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘प्रायोजित’ हा शब्द किती बारीक असतो आणि किती फिकट, ते एकदा मुद्दाम चष्मा लावून बघा.

पलीकडचा माणूस मराठीत बोलला, ‘आजोबा’ म्हणत अगदी गोड. मामा नंतर मला म्हणाले, “इथं कचेरीत फोन केला की कन्नडमध्ये बोलतात, मला अर्धं कळतं. हा आपल्या भाषेत बोलला, मला वाटलं आपलं काम होणार.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यानं एक ॲप घ्यायला लावलं. ते स्क्रीन दाखवणारं ॲप होतं, म्हणजे मामांच्या फोनवर काय चाललंय ते त्याला तिकडे बसून दिसत होतं. मग ‘खातं तपासायला 10 रुपये भरा’. मामांनी पिन टाकला. 5.10 ला ₹25,000 गेले, 5.14 ला ₹13,500.

मी सव्वासहाला घरी आले तेव्हा मामा सोप्यावर फोन मांडीवर घेऊन बसले होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा घेऊन उभ्या होत्या आणि मामांनी तो घेतला नव्हता. मी आधी ते ॲप काढून टाकलं, फोनचं इंटरनेट बंद केलं आणि माझ्या फोनवरून 1930 लावला, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. त्यांनी विचारलं ते सांगते, कारण त्या वेळी हात थरथरत असताना शोधाशोध नको: कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, आणि यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक. तो मेसेजमध्ये किंवा ॲपच्या इतिहासात असतो. फोनवरचा माणूस कन्नडमध्ये सुरू झाला. मी शाळेतलं कन्नड आणि हिंदी मिसळून बोलले, त्यानं समजून घेतलं. शेवटी तक्रारीचा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर सगळं भरलं आणि शहरातल्या सीईएन पोलीस ठाण्यात जाऊन कागद दिले. सीईएन म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं ठाणं. बेळगावात ते आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

₹13,500 पुढच्या एका खात्यात अडवले गेले, म्हणजे होल्ड लागला. ₹25,000 तोवर दोन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. बँकेत गेलो तर त्यांनी नियम दाखवला. ते रिझर्व्ह बँकेचं तेव्हा लागू असलेलं 2017 चं परिपत्रक होतं. तिसऱ्याच कुणाच्या चुकीनं पैसे गेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार नाही, असं त्यात होतं. पण पिन तुम्हीच टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. मामांनी मान खाली घालून ऐकलं. मला ते दृश्य सहन झालं नाही, आणि तिथून येतानाच मी ठरवलं की घरातलं प्रत्येक यंत्र मी स्वतः उघडून बघणार.

त्या रात्री जेवणं झाल्यावर चार फोन आणि कॉम्प्युटर असं सगळं मागाच्या खोलीत आणलं. माझ्या मनात यादी होती ती पासवर्डची, व्हायरसची. खरा धागा सापडला आत्यांच्या फोनवर.

त्यांचा फोन दर दोन-तीन मिनिटांनी थरथरत होता. देवघराच्या फळीवर ठेवलेला असायचा, घंटेला लागून खणखण व्हायची, आम्हाला सवय झाली होती. मी उचलून बघितलं. ‘तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस सापडले, लगेच साफ करा.’ खाली ‘तुमची बॅटरी खराब होत आहे.’ खाली लॉटरी. खाली एका बाईचा फोटो आणि ‘तुम्हाला मेसेज आला आहे’. सगळं असं सजवलेलं की जणू फोनच बोलतोय. बारीक अक्षरात एक पत्ता होता, तो ब्राउझरमधून, म्हणजे साइट्स उघडायच्या ॲपमधून आलेला.

“आत्या, हे कधीपासून?”

“मी काय दाबलो नाही गं. तेच येऊलंय सारखं.”

क्रोमच्या वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, तिथून सेटिंग्ज, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून सूचना. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी उघडली. 31 नावं. त्यातली तीन ओळखीची: पंचांगाची, रेसिपीची, सिरीयलच्या पुढच्या भागाची. बाकीची अशी की नावात नुसते आकडे आणि अक्षरं. साइटला एकदा परवानगी दिली की पान बंद असतानाही ती तुमच्या फोनवर संदेश टाकू शकते. सोय म्हणून केलेली ही गोष्ट, पण फसवणाऱ्यांना दारातून आत यायला पुरेशी आहे. ‘व्हायरस साफ करा’ वर बोट पडलं की पुढे तेच स्क्रीन दाखवणारं ॲप, नाहीतर दुसरं काही.

मग मी त्यांना समोर बसवून त्यांची रोजची रेसिपीची साइट उघडायला सांगितली. पान उघडायच्या आत चौकोन आला. त्यात दोन बटणं होती. आत्यांचं बोट न थांबता निळ्यावर गेलं.

“हे का दाबलात?”

“निळं दाबल्याशिवाय पुढं सरकत नाही ना.”

बटणावर लिहिलं होतं ‘अनुमतिसि’. कन्नड अक्षरात. शेजारी ‘निर्बंधिसि’. आत्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. पोथी वाचतात, पेपर वाचतात, कन्नड बोललेलं थोडं समजतं, पण अक्षर येत नाही. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानं सवयीनं कन्नड भाषा लावून दिली होती. पुढे दोन वर्षं त्या रंगावर आणि जागेवर फोन चालवत होत्या. हिरवं म्हणजे फोन घ्यायचा, लाल म्हणजे ठेवायचा, निळं म्हणजे पुढे. त्यांना अडवणारा प्रत्येक प्रश्न, अगदी प्रत्येक, न वाचता येणाऱ्या भाषेत येत होता. मामांचा फोन इंग्रजीत होता. माझाही इंग्रजीत, आणि मी तरी ते चौकोन कधी वाचले होते?

फोनची भाषा बदलायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात भाषा, मराठी जोडायची आणि ओढून सगळ्यात वर न्यायची. आत्यांच्या फोनवर सगळं कन्नडमध्ये असल्यामुळे मी माझा फोन शेजारी ठेवून त्याच जागेवरची बटणं दाबत गेले. बदलल्यावर तीच साइट परत उघडली. चौकोन आला. आत्यांनी बोट ठेवून, पोथी वाचतात तशा एकेक शब्द तोडून वाचलं. साइट सूचना पाठवू म्हणते. खाली ‘अनुमती द्या’ आणि ‘ब्लॉक करा’.

“कसल्या सूचना? मला कशाला पाहिजेत?” म्हणाल्या आणि ब्लॉक दाबलं.

ब्राउझर कुठला चांगला, अँटिव्हायरस कुठला, हे सगळे प्रश्न माझ्यासाठी त्या क्षणापासून दुसऱ्या नंबरवर गेले. तरी ते सोडवायचे होतेच, आणि त्यात माझे तीन रविवार गेले.

पहिला रविवार कॉम्प्युटरचा. तो 2011 सालचा, विंडोज 7 वर. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 7 च्या दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 ला थांबवल्या. क्रोमसुद्धा त्यावर 109 व्या आवृत्तीवर अडकलेला, कारण 2023 च्या सुरुवातीला आलेली 110 त्या विंडोजवर चढतच नाही. म्हणजे आम्ही ज्या ब्राउझरवर मुलाच्या परीक्षेचे फॉर्म भरत होतो त्यात दोन वर्षांहून अधिक काळ एकही भोक बुजवलेलं नव्हतं. फायरफॉक्सनं जुन्या विंडोजसाठी 115 ही आवृत्ती सुरक्षेच्या दुरुस्त्या देत बराच काळ चालू ठेवली. आधी मी तीच घातली. पण दार नवीन आणि भिंत पडकी, त्याला काय अर्थ? शेवटी ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून साधारण ₹2,000 ला एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घेतली आणि मुलानं त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घातलं. फुकट मिळतं, मराठीत चालतं, आणि फायरफॉक्स त्यात आधीपासून असतो. जुना कॉम्प्युटर आहे म्हणून फेकून द्यायची गरज पडली नाही. मामांनी फक्त एवढं विचारलं की त्यांची भजनांची फाइल आहे ना. होती. पेन ड्राइव्हवर आधीच काढून ठेवली होती.

ज्यांच्याकडे विंडोज 10 आहे त्यांनीही हे मनावर घ्यावं. त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आमच्या ऑफिसात ही गोष्ट मीच काढली.

दुसरा रविवार ब्राउझर निवडण्याचा. मला वाटायचं क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी ही सगळी वेगवेगळी. मुलानं समजावलं तेव्हा मामा पटकन म्हणाले, “म्हणजे दुकानं पाच, माग एकच.” अगदी तसंच. या सगळ्यांच्या आत क्रोमियम नावाचं एकच मूळ आहे. मायक्रोसॉफ्टनंसुद्धा 2020 च्या जानेवारीत आपला एज त्याच मुळावर आणला. ॲपलच्या सफारीचा माग वेगळा, आणि फायरफॉक्सचा वेगळा, त्याचं नाव गेको. फायरफॉक्स 2004 पासून आहे, क्रोम 2008 ला आला. माग एकच असला म्हणून कापड वाईट होत नाही. क्रोमच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या फार लवकर येतात, ते मी मान्य करते. पण क्रोम बनवणाऱ्या कंपनीची बहुतेक कमाई जाहिरातींवर आहे, आणि आमच्या घरातले पैसे एका जाहिरातीतून गेले होते. मला जाहिराती अडवणारा ब्राउझर हवा होता.

जाहिराती अडवायला युब्लॉक ओरिजिन नावाचं फुकटचं जोड-साधन, म्हणजे एक्स्टेंशन, आहे. मी आधी ते क्रोमवर शोधलं. क्रोमनं जोड-साधनांचे नियम बदलले, त्यात हे पूर्ण साधन तिथे बंद पडलं. त्याच माणसानं केलेली लाइट आवृत्ती मिळते, ती कमी ताकदीची. आणि अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये तर जोड-साधन घालताच येत नाही. फायरफॉक्समध्ये फोनवरही पूर्ण युब्लॉक चालतं. आमच्या घरात फोन चार आणि कॉम्प्युटर एक. माझ्यासाठी निवड तिथेच संपली. मामांच्या फोनवर फायरफॉक्स घालून, युब्लॉक लावून, मी परत तेच शब्द शोधले, ‘केईबी बेळगाव कस्टमर केअर’. वरच्या जाहिराती गेल्या होत्या. खाली 1912 दिसला, तो विजेच्या तक्रारीचा खरा नंबर. तो मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मीटरच्या पेटीला चिकटवला. ब्राउझरपेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त होईल असं माझं प्रामाणिक मत आहे.

ब्रेव्हही बघितला. त्यात अडवायची सोय आतच आहे, काही जोडावं लागत नाही. पण सोबत त्यांचं क्रिप्टोचं वगैरे दिसत राहतं, आणि आत्या-मामांच्या समोर तसलं काही नको असं मला वाटलं. ज्याला ते बंद करून वापरता येतं त्यानं जरूर वापरावा. आणि फायरफॉक्सबद्दलही सगळं सांगायला हवं: तो बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न शोधयंत्रासाठी गुगलकडून मिळणाऱ्या पैशातूनच येतं. कुणीच धुतल्या तांदळासारखं नाही, पण निवडायचं असतं ते आहे त्यातूनच. शिवाय काही साइट्स त्यात नीट उघडत नाहीत. माझ्या बाबतीत एक सरकारी फॉर्म आणि एक परीक्षेचं पान अडलं.

एका गोष्टीवर मामांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, “त्या पानावर कुलूप होतं की. तूच सांगितलेलीस कुलूप बघायचं म्हणून.” मीच सांगितलं होतं, खरं आहे. आणि ते चुकीचं सांगितलं होतं. पत्त्याशेजारच्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय याची हमी त्यात नाही. चोराच्या घरालाही कुलूप लावता येतं, त्या कुलपाला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमनं 2023 च्या सप्टेंबरात, 117 व्या आवृत्तीत, ते चिन्ह काढून दुसरं लावलं. मामांच्या फोनबरोबर जो ब्राउझर आला होता त्यात मात्र कुलूप तसंच होतं.

मग कुलपाऐवजी काय बघायचं? पत्ता, आणि तोही उजवीकडून. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी काय आहे ते. जमिनीचा उतारा बघायची खरी साइट ‘कर्नाटक डॉट जीओव्ही डॉट इन’ वर संपते. पत्त्यात ‘भूमी’, ‘आरटीसी’, ‘कर्नाटक’ सगळं असून शेवटी ‘डॉट ऑनलाइन’ नाहीतर ‘डॉट एक्सवायझेड’ असेल तर ती सरकारची नव्हे. बँकांसाठी तर आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ वर यायला सांगितलं, आणि तो पत्ता बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. आमच्यासारख्या क्रेडिट सोसायट्या म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे सोसायटीच्या साइटला हा पत्ता नसणार. त्यावरून घाबरू नका, पण सोसायटीच्या नावानं लिंक आली तर शाखेत फोन करूनच उघडा. हे मी काउंटरवर रोज सांगते.

तिसरा रविवार कन्नड पानांचा, आणि हे सीमाभागाबाहेरच्या माणसाला कदाचित सांगून कळणार नाही. आमची येळ्ळूरच्या शिवारात थोडी जमीन आहे. उताऱ्याचं पान, योजनांचे अर्ज, महानगरपालिकेची घरपट्टी, सगळीकडे कन्नड आधी आणि इंग्रजी असलं तर असलं. मला वाचता येतं, पण सावकाश, आणि सरकारी शब्द घरातल्या कन्नडपेक्षा फार वेगळे. क्रोममध्ये पान भाषांतरित करायची सोय आहे, कन्नडचं मराठी होतं. त्यामुळे क्रोम घरातून काढून टाकता आला नाही. इथल्या मराठी माणसाला तो लागतो.

पण त्यातही तीन गोष्टी मी ठोकर खाऊन शिकले. पहिली, भाषांतर करताना पानावरचा मजकूर गुगलकडे जातो, तिथे बदलून परत येतो. उताऱ्याचं पान उघडंच असतं, तिथे काही बिघडत नाही. बँकेत लॉगिन केलेलं पान असेल, आधार क्रमांक भरलेला अर्ज असेल, तर भाषांतराचं बटण दाबायचं नाही. दुसरी, अर्जाच्या यादीतून गाव निवडताना भाषांतर बंद करायचं. त्यानं गावांच्या नावांचेही अर्थ लावले, आणि मी एकदा भलत्याच हद्दीचं नाव निवडून बसले होते. ‘सल्लिसि’ म्हणजे सादर करा, ‘रद्दु’ म्हणजे रद्द, ‘मुंदुवरिसि’ म्हणजे पुढे चला. असे पाच-सात शब्द मी एका कागदावर कन्नड अक्षर आणि मराठी अर्थ असे लिहून कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर लावलेत. तिसरी, स्कॅन करून टाकलेल्या आदेशाचं भाषांतर होत नाही, कारण तो फोटो असतो. तेव्हा कोणी फोनवर ‘मी वाचून सांगतो, फोटो पाठवा’ म्हणालं तर पाठवायचा नाही. शेजारी गौडा काका आहेत, कन्नड शाळेत मास्तर होते, त्यांच्याकडे कागद घेऊन जायचं. ते दरवेळी चहा पाजतात आणि वाचून दाखवतात.

अशी आता वाटणी झाली आहे. फायरफॉक्स रोजच्यासाठी, सगळ्यांच्या फोनवर. क्रोम फक्त कन्नड आणि सरकारी पानांसाठी; त्यात एकही पासवर्ड जतन केलेला नाही, कार्ड नाही, सूचनांची परवानगी सरसकट बंद. बँकेचं काम बँकेच्या ॲपवर, आणि साइट उघडायचीच असेल तर मी घालून ठेवलेल्या बुकमार्कवरून. शोधून बँकेत जायचं नाही. हा एकच नियम मी मामांकडून दोनदा म्हणवून घेतला.

पासवर्डचं आमच्याकडे वहीतच आहे. तांबड्या पुठ्ठ्याची वही, कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली. मुलगा म्हणतो पासवर्ड सांभाळणारं ॲप वापरा, आणि मी स्वतः ते वापरते. पण 70 वर्षांच्या माणसाला वही कळते, आणि दूर कुठेतरी बसलेल्या चोराला कपाट उघडता येत नाही. वहीत असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवता आला, आधी सगळीकडे मुलाची जन्मतारीख होती. मेल आणि बँकेला दोन टप्प्यांची तपासणी लावली. यूपीआयचा पिन मात्र वहीतही नाही.

राउटरचा पासवर्ड ‘ॲडमिन’ होता, बदलला. मुलांसाठी राउटरमध्ये क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.3 हा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, घातला, तो फसव्या आणि अश्लील साइट्स बऱ्याच अंशी अडवतो. मुलाला वाटत होतं इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कुणालाच काही कळत नाही. त्याला दाखवलं की त्यानं फक्त या यंत्रावर इतिहास उरत नाही. साइटला आणि इंटरनेट देणाऱ्याला कळतंच. तो जरा गप्प झाला. यावर फार बोलले नाही, तो मोठा होतोय.

₹13,500 अजून होल्डवरच आहेत. ते परत मिळण्यासाठी तारखा पडताहेत. मामा प्रत्येक वेळी स्वतः जातात, कागदांची पिशवी स्वतः धरतात. फोन वाजला की अजून आधी माझ्याकडे बघतात.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या वहिनी त्यांचा फोन घेऊन आल्या. आत्यांनीच बोलावलं होतं. मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर आले तर आत्यांनी त्यांच्या फोनची भाषा बदलून झाली होती, चष्मा नाकावर, सूचनांची यादी उघडलेली. 54 नावं. आत्या एकेक वाचून बंद करत होत्या. एका नावापाशी वहिनी म्हणाल्या, “ते राहू दे, पंढरपूरच्या दर्शनाचं आहे.”

आत्या म्हणाल्या, “दर्शनाचं पान उघडतंय तसंच. ते आपल्याला हाक मारायचं बंद होतंय एवढंच. आपण जाऊया की त्याच्याकडं, आपल्या वेळेला.”

वहिनींनी थोडा विचार केला, आणि तेही बंद करायला सांगितलं.